शेड नाही, ट्रॅक्टर उघड्यावरच राहणार. पावसापाण्यात कसा जपायचा?

मंडळी, मदत हवी आहे.

ट्रॅक्टर जुना आहे. केबिन नाही, सायलेन्सर बोनटमधून सरळ वर उभा. शेड बांधायला सध्या जागा नाही आणि लवकर होईल असं दिसतही नाही. हंगामातलं काम आटोपलं की तो बरेच दिवस नुसता उभा असतो. म्हणून प्लास्टिकची मोठी ताडपत्री आणली, चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत ओढून घेतली आणि दोऱ्यांनी आवळून बांधली.

आता तक्रार अशी की पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले तरी ताडपत्री आतून ओलीच. सकाळी एक कोपरा उचलला की आतल्या बाजूला थेंब लोंबकळताना दिसतात, जरा धक्का लागला की बोनटवर टपटप पडतात. बोनटच्या बिजागरीपाशी आणि मडगार्डच्या कडेला रंगाखाली फुगे आलेत, नखाने टोकरलं की खाली लाल गंज. हेडलाइटच्या वर जिथे ताडपत्री वाऱ्याने सतत घासते, तिथला रंग पॉलिश पेपर मारल्यासारखा उतरलाय.

विचारावं त्याचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतं ताडपत्री काढूनच टाक. कुणी म्हणतं आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करत जा, काही होत नाही. एकाने तर सगळ्या लोखंडाला काळं (इंजिनमधून काढलेलं, वापरलेलं) ऑइल फासायला सांगितलं. खरं काय? सगळं एकदम जमणार नाही, तेव्हा आधी काय सांभाळू तेवढं सांगा.

पाना-पक्कड

ताडपत्री काढू नका, पण बांधायची पद्धत बदला. तुम्ही सांगताय ते पाणी वरून गळलेलं नाही, ते आतच तयार होतंय. खालची जमीन ओली, तिची वाफ वर येते, तुम्ही चारी बाजू बंद केल्यात म्हणून ती बाहेर पडत नाही. रात्री पत्रा आणि प्लास्टिक दोन्ही गार पडतात आणि त्याच वाफेचं पाणी होऊन तिथेच बसतं. पावसात उघडा ठेवलेला ट्रॅक्टर निदान वाऱ्याने वाळतो तरी. तुमचा वाळतच नाही.

ताडपत्री फक्त बोनट, डॅशबोर्ड, सीट आणि मडगार्डचा वरचा भाग झाकेल एवढीच खाली येऊ द्या. चाकांचा खालचा भाग उघडा राहिला तरी चालतो, इंजिनच्या खालून वारा वाहिला पाहिजे. दुसरं म्हणजे ताडपत्री थेट पत्र्यावर टाकू नका. स्टिअरिंगपासून पुढे बोनटवर एक लांब बांबू किंवा पाइप ट्रॅक्टरच्या लांबीच्या दिशेने बांधा, टोकांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. वर ताडपत्री टाकली की दोन्ही बाजूंना उतार मिळतो, मध्ये पाण्याचं डबकं साचत नाही आणि रंगाला घासतही नाही. जाड कापडी ताडपत्री मिळाली तर प्लास्टिकपेक्षा बरी, तिच्यातून थोडी तरी हवा खेळते.

आणि काम करून आल्या आल्या झाकायचं नाही. सायलेन्सर तापलेला असतो, प्लास्टिक वितळून चिकटतं. वर काडीकचरा अडकलेला असेल तर आगीची भीती वेगळी.

जुनं इंजिन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझ्या मते तुम्ही सगळेच पत्र्याकडे बघताय. पत्रा गंजला तर घासून प्रायमर आणि रंग मारता येतो. पाणी आत कुठून जातं ते आधी बघा.

पहिली जागा सायलेन्सर. उभ्या नळीत पडणारा पाऊस सरळ मॅनिफोल्डकडे (सिलिंडरचा धूर सायलेन्सरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांकडे) उतरतो. इंजिन बंद पडताना एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) बहुतेक वेळा उघडा राहिलेला असतो, त्यातून पाणी थेट पिस्टनवर. थोडं असेल तर रिंगा आणि व्हॉल्व्ह गंजून धरतात. जास्त असेल तर स्टार्टर मारल्यावर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. सायलेन्सरच्या तोंडाला झडपेची टोपी बसवून घ्या, नसेल तर पत्र्याचा डबा पालथा घाला. डबा घातलाय याची खूण म्हणून स्टिअरिंगला चिंधी बांधा. टोपीविना पाऊस खाल्लेलं इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नका. डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून ठेवा, बॅटरी सोडा आणि पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे घट्ट अडलं तर जोर लावू नका, इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढायला लागेल.

दुसरी जागा कुणाच्या लक्षातच येत नाही: गिअर लिव्हरचं रबरी बूट, म्हणजे लिव्हरच्या बुडाशी असलेलं आवरण. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते उन्हाने तडकलेलं असतं. पाणी लिव्हरवरून ओघळत येतं आणि तिथून गिअरबॉक्समध्ये उतरतं. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि हायड्रॉलिकला (अवजाराची लिफ्ट उचलणाऱ्या यंत्रणेला) एकच ऑइल असतं. म्हणजे तेच पाणी लिफ्टच्या पंपातूनही फिरणार.

गिअरबॉक्सची डीपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. ऑइल स्वच्छ, पारदर्शक दिसलं तर ठीक. दुधाळ, पिवळट-पांढरं दिसलं तर आत पाणी मिसळलंय. तुमचा ट्रॅक्टर उभाच आहे ना, मग आणखी सोपं. ऑइलपेक्षा पाणी जड, ते तळाला बसतं. सकाळी काहीही चालू न करता हाऊसिंगचा (हे ऑइल असतं त्या लोखंडी डब्याचा) खालचा ड्रेन प्लग सावकाश सैल करा आणि पहिली धार पारदर्शक बाटलीत धरा.

बॅटरी डाऊन

आठवड्याला पाच मिनिटांच्या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण तो प्रत्येक जण देतो आणि त्याने नुकसानच होतं.

डिझेल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक लिटर डिझेलमागे जवळपास एक लिटर पाणी धरा. इंजिन पूर्ण तापलेलं असलं की ती सगळी वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत, मग तीच वाफ आतल्या भिंतींवर गार होऊन बसते, थोडी खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. वर स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट भरून निघायच्या आत तुम्ही चावी बंद केलेली. चालू करायचंच असेल तर टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत आणि वर थोडा वेळ लोडवर (काम करत) चालवा. एवढं जमणार नसेल तर हातच लावू नका.

बॅटरी काढून घरात ठेवा. आधी निगेटिव्ह सोडायची, लावताना ती शेवटी. विश्रांतीत १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पहिल्यासारखी होत नाही. टर्मिनल घासून व्हॅसलिन लावा. काढताच येत नसेल तर निदान निगेटिव्ह वायर सोडून ठेवा.

डिझेलची टाकी मात्र भरून ठेवा. रिकाम्या जागेतली हवा रात्री गार पडते, तिच्यातलं पाणी टाकीच्या भिंतीवर सुटतं आणि तळाशी साचतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवतो. पुन्हा चालू करण्याआधी फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी सोडा.

बांधावरचा

काळं ऑइल फासायला मी पण सांगतो. नांगराच्या फाळाला लावतोच की सगळे. गंज धरत नाही हे खरं आहे.

जुनं इंजिन

फाळाला नवं ग्रीस लावा ना. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं असतात. तेल न सोसणाऱ्या रबराला लागलं की ते फुगून मऊ पडतं. पावसाने धुऊन मातीत जातं ते वेगळंच. त्यावर धूळ बसून जो थर होतो, त्याच्याखाली गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही. तीच गोष्ट डिझेल फवारून ट्रॅक्टर चमकवण्याची.

त्याच आम्लांमुळे इंजिनमधलं काळं ऑइलही महिनोन् महिने आत ठेवू नका. उभा करायच्या आधी बदला, नंतर नाही.

पाना-पक्कड

पटलं. आणि ग्रीसचं निघालंच आहे तर, ट्रॅक्टर धुतल्यानंतर सगळ्या निपलना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारा, आधी नाही. जुनं ग्रीस आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडून नवं ग्रीस दिसेपर्यंत पंप मारायचा. पुढच्या ॲक्सलची पिन आणि स्टिअरिंगचे जॉइंट लोक विसरतात.

लिफ्ट खाली करून ठेवा. लोडर असेल तर बकेट जमिनीला टेकवा. हायड्रॉलिकचे जे चकचकीत रॉड बाहेर उघडे राहतील त्यांवर ग्रीसचा हात फिरवा. त्या पॉलिशवर गंजाचा एक खड्डा पडला की पुढे प्रत्येक वेळी तो सील कापतो. पुन्हा वापरताना ग्रीस पुसून घ्या, नाहीतर त्यावर चिकटलेली रेती आत जाईल.

क्लच कोरडा असेल तर पेडल दाबून लाकडी पट्टीने अडकवून ठेवा. ओलाव्यात क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटते. चिकटलेली असताना गिअर पडलेला असेल तर पेडल दाबलं तरी इंजिनची ताकद चाकांना जातच राहते, म्हणून बऱ्याच दिवसांनी चालू करताना न्यूट्रल दोनदा तपासा आणि समोर कुणाला उभं राहू देऊ नका.

टायरला हवा पूर्ण, खाली फळ्या, उन्हाच्या बाजूला काहीतरी आडोसा. झाडाखाली लावू नका. पाऊस थांबल्यावरही झाड तासन्तास गळत राहतं आणि पक्ष्यांची विष्ठा रंग खाते.

बांधावरचा

कुंभारीण माशीचं कुणी बोललंच नाही. डिझेल टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, त्यात ती मातीचं घर करते. मग इंजिन चालू होतं, थोडं चालतं आणि डिझेल न मिळाल्यासारखं बंद पडतं. लोक पंप खोलत बसतात. आधी झाकण सैल करून बघायचं. उंदीर एअर क्लीनरच्या तोंडातून आत घरटं करतात, तिथे हवा जाईल अशी बारीक जाळी लावा आणि चालू करण्याआधी काढा.

(धागाकर्ता, म्हणजे मूळ प्रश्न विचारणारा)

सगळ्यांचे आभार. ताडपत्री वर घेतली, मध्ये बांबू टाकला, आज सकाळी आतून कोरडी होती. सायलेन्सरला डबा, स्टिअरिंगला चिंधी. सीट पुढे दुमडून वर वेगळी पिशवी घातली, फाटक्या शिवणीतून फोममध्ये पाणी मुरत होतं.

'जुनं इंजिन' यांनी सांगितलं तसा प्लग सैल केला. पहिली धार स्वच्छ पाण्याचीच आली, बाटलीच्या तळाला तीन बोटं. त्यावर दुधाळ ऑइल. गिअर लिव्हरचं बूट वाकवून बघितलं तर मागच्या बाजूला आडवी चीर आहे, वरून दिसत नव्हती. आता नुसतं पाणी काढून वरून ऑइल भरलं तर चालेल का? सगळं बदलायचं तर भरपूर ऑइल लागतं.

जुनं इंजिन

नाही चालणार. तळाचं पाणी गेलं, पण मिसळलेलं ऑइलमध्येच आहे आणि ते बेअरिंगपर्यंत जातंय. आधी बूट बदला, नाहीतर नवं ऑइलही दुधाळ होईल. मग हाऊसिंग पूर्ण रिकामं करा, प्लग रात्रभर उघडा ठेवा, हायड्रॉलिकची जाळी काढून धुवा. फिल्टर असेल तर नवाच घाला. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच, ब्रेक याच ऑइलमध्ये बुडालेले असतील तर यात अजिबात तडजोड नको. भरल्यावर ट्रॅक्टर गरम होईपर्यंत चालवा, लिफ्ट पुष्कळदा खालीवर करा, एक दिवस उभा ठेवा आणि तोच प्लग पुन्हा थोडासा सैल करून बघा. पुन्हा पाणी आलं किंवा ऑइल पांढरट दिसलं तर इथे कळवा, मग पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) लिव्हरचं सील आणि ब्रीदर (हाऊसिंगला हवा जायचं भोक) बघू.