‘टिरॅनिसाइड’ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: अथेन्सवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. हार्मोडिअस आणि अरिस्टोगायटन यांनी इ.स.पू. ५१४मध्ये तिथल्या सत्ताधारी घराण्यातल्या हिपार्कसला भोसकलं. पुढे शहरानं दोघांचे पुतळे उभारले, त्यांना ‘टिरॅनिसाइड्स’ म्हणतात. म्हणजे कृत्यालाही तोच शब्द आणि करणाऱ्यालाही. ‘जुलमी सत्ताधीशाला ठार मारणारे’ असं दर ओळीत कसं लिहू?

खडीसाखर: आततायीवध. करणारा आततायीहंता. आततायी चालून आला तर विचार न करता मारावा, असं मनूच सांगतो.

पाटीपेन्सिल: पण त्या आततायींत आग लावणारा, विष घालणारा, शेत बळकावणारा असे सगळे येतात. राजा असायची अट नाही. शिवाय आज ‘आततायीपणा करू नकोस’ म्हणजे उतावळेपणा. वाचकाला वाटेल, उतावळा होता म्हणून मारला!

खडीसाखर: लोक चुकीचं बोलतात म्हणून मूळ अर्थ सोडायचा?

पाटीपेन्सिल: ग्रीक ‘टिरॅनोस’ तरी कुठे जागेवर राहिला? आधी नुसता वारशाशिवाय सत्ता घेतलेला, जुलमी नंतर झाला.

बोरूबहाद्दर: ‘जुलमीहंता’ करा, मोकळे व्हा.

खडीसाखर: अरबी धड, संस्कृत शेपूट. शोभेल!

बोरूबहाद्दर: ‘पोलीसपाटील’ चालतो की गावोगाव.

चिंचगूळ: माझी हरकत ‘वध’ला आहे. वध म्हटलं की तुम्ही मारणाऱ्याच्या बाजूचे. अफझलखानाचा वध म्हणतो, खून म्हणत नाही. १८९७ साली पुण्यात रँडला मारलं, तो सरकारदरबारी खून आणि आपल्याकडे वध. गांधींच्या बाबतीत ‘हत्या’ म्हणतो की ‘वध’, यावरून तर माणूस ओळखू येतो.

खडीसाखर: महाभारतात अभिमन्यूवध आहे, द्रोणवध आहे. अभिमन्यू जुलमी होता का?

चिंचगूळ: संस्कृतात असेल हो. मराठी पेपरात ‘व्यापाऱ्याचा वध’ छापून बघा.

अर्धविराम: त्यात ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो, सत्तेवर हिपार्कस नव्हताच, त्याचा भाऊ हिपिअस होता, आणि भांडण प्रेमातल्या अपमानावरून पेटलं. मग वध, हत्या की खून? लेख उद्या द्यायचाय.

खडीसाखर: ‘पोलीसपाटील’ हे सरकारी पदनाम आहे, त्याचा दाखला चालणार नाही.

बोरूबहाद्दर: का नाही? नुसता ‘पाटील’सुद्धा ‘पट्टकिल’ झिजून झालाय. तोही परत आणा मग!