कॅन्टोन्मेंट की कॅम्प?

एकाने विचारलंय, की 'कॅन्टोन्मेंट' आणि 'कॅम्प' एकच का, आणि जुने लोक 'कँटूनमेंट' का म्हणतात. तो उच्चार अशुद्ध मुळीच नाही. लष्करी इंग्रजीत 'टू'वर जोर देऊनच हा शब्द म्हणत, पलटणीतले पेन्शनर तेच ऐकत आले. पोरांनी त्यांना हसू नये.

मूळ फ्रेंच. 'कँटन' म्हणजे कोपरा, त्यावरून मुलखाचा तुकडा. स्वित्झर्लंडचे कँटन तेच. सैन्य वेगवेगळ्या भागांत वाटून उतरवायचं, ते कॅन्टोन्मेंट. म्हणजे मुक्काम तात्पुरताच! हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनी कायमच्या लष्करी वसाहतीला हेच नाव दिलं. बेळगावची छावणी 1832 ची. बंगले, चर्च, बाजार सगळं आलं, तरी नाव मुक्कामाचंच.

'कॅम्प' वेगळ्या घरचा, लॅटिन 'कँपस' म्हणजे मैदान यावरून आलेला. कॉलेजचा कॅम्पस त्याचाच भाऊ. अर्थ जवळचे, मूळ निराळं. आमच्याकडे बेळगावात 'कॅन्टोन्मेंट' हा शब्द उरला कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या पावतीवर. टिळकवाडीहून निघालेला माणूस 'कॅम्पात जाऊन येतो' एवढंच सांगतो. मराठीतला 'छावणी' तर आता भाषणातच जास्त ऐकू येतो, याचं मला वाईट वाटतं.