आधी पाण्याची वेळ कळू द्या
स्मार्ट वसाहत म्हणजे चौकाचौकांत कॅमेरे, सेन्सरचे पथदिवे आणि सर्व सेवांचे एकच ॲप, असे चित्र ‘स्मार्ट वसाहत कशी असावी’ या चर्चेत इतरांनी मांडले आहे; रहिवाशांना नेमके काय हवे, हा प्रश्न मात्र त्यात मागे पडला. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानातील १०० शहरांत खानदेशातील एकही शहर नव्हते, तरी अपेक्षा इथेही आहेतच. भर मे महिन्यात दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येणाऱ्या पाण्यासाठी आमच्या गल्लीतील बायका रिकामे ड्रम ओट्याला लावून, व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी केव्हा येतो याची वाट पाहत रात्री जागतात. पाणी सुटण्याची वेळ आदल्या संध्याकाळीच मोबाईलवर कळली, तरी पुष्कळ साधेल. (याला सेन्सरही लागत नाही.) तक्रारीची तऱ्हा निराळी नाही. ॲपवर ‘निकाली’ असा शेरा पडतो आणि गटार तुंबलेलेच राहते, म्हणून तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराकडेच असावा. लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा राज्यात २०१५ पासून नागरिकाचा हक्क आहे. ती मुदतही ॲपवर ठळक दिसावी. शिवाय ज्यांच्याकडे साधा फोन आहे, अशा वडीलधाऱ्यांसाठी अहिराणी समजणारा माणूस उचलेल असा एक क्रमांक हवाच.