चौकातली अडतीची माडी: तुमच्या वेळी तिथं कोण होतं?

विदर्भातल्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीच्या वाटेवरच्या आमच्या गावातली चौकातली दुमजली इमारत पाडणार म्हणतात. खाली चार गाळे, वर माडी. मी पाहिलं तेव्हापासून तिथं कापडाचंच दुकान, पण बाबा अजून तिला 'अडत' म्हणतात. आठवेल ते लिहा.

*

अडतच होती, शेतकऱ्यांचा कापूस दलालीवर विकून देणारी. बाबा बरोबर आहेत. आजोबांसोबत बंडीवर मी गेलो आहे. मधल्या गाळ्याच्या तुळईला मनगटाएवढी जाड लोखंडी कडी आहे, तिला काटा टांगत. अडत्या गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, 'ओला हाय गा' म्हणायचा, आणि भाव खाली. आजोबांचा कापूस दरवर्षी ओलाच निघायचा! रुईच्या गठाणी छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला जात, पुढं मुंबईला. १९७२ ला सरकारची एकाधिकार खरेदी आली, कापूस व्यापाऱ्याला न विकता सहकारी फेडरेशनलाच घालावा लागे. अडत्यानं मग त्याच गाळ्यात सरकी-ढेप मांडली.

*

आणि माडीवरची बँक? माझे बाबा तिथं कॅशियर होते. चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, आले की रांग जिन्यावरून थेट पानठेल्यापर्यंत. म्हाताऱ्यांना जिना चढवत नसे, म्हणून बाबाच पासबुकं गोळा करायला खाली उतरत. चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलेलं असे. हातात आलेल्या नोटा काही जण दोनदा मोजत, कमी का म्हणून.

*

मला परगावी फोन लावायचा एसटीडी बूथ आठवतो. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून साडेदहापासूनच बायाबापड्या ओट्यावर. पुण्याला भाऊ होता. बोलताना त्याच्यापेक्षा मीटरकडंच लक्ष जास्त.

*

एमएससीआयटी, तो कॉम्प्युटरचा कोर्स, तिथलाच. दुपारी लोडशेडिंग, त्यामुळे आम्ही पोट्टे कॉम्प्युटरपुढं बसून वहीत थिअरी उतरवायचो. पास झालो, पण.

*

मधल्या गाळ्यात सध्या मी आहे, मोबाइल रिपेअरिंग. कडी अजून जागेवर. तिला मी चार्जरच्या वायरी लटकवतो. परवा एक डोकरा आला, मोबाइल दाखवायचा सोडून वर पाहत राहिला. 'काटा कुठी गेला बाप्पा?' म्हणाला. मालकाला सांगून ठेवलंय, पाडाल तेव्हा कडी मला द्या. भंगारवाल्यानंही सांगून ठेवलंय.