अनुभव धागा: वर्गातले संगणक-मोबाइलचे प्रकल्प आणि शिक्षकांच्या शेजारचं बाक

झालरवालं_कव्हर
काल नातवाने माझा मोबाइल घेतला, चौथीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर धरला आणि म्हणाला, "आजी, थांब, व्हिडिओ लागतोय." मला एकदम सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली एक शाळा आठवली.

मी तेव्हा साधनव्यक्ती होते. मुलांकडून संगणकावर प्रकल्प कसे करून घ्यायचे, ते शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना दाखवायचं. एका बाईंना पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं सगळं समजावलं. त्या मान डोलवत होत्या. मी दाराकडे वळले तसं त्यांनी संगणकावर कव्हर परत चढवलं. गुलाबी, कडेला झालर. अजून डोळ्यांपुढे आहे ते.

पुढच्या खेपेला मी संगणकाचं नावच काढलं नाही. विचारलं, "बाई, मुलांचं अडतं कुठं?" म्हणाल्या, "घरी तेलुगू, शाळेत मराठी. पोरं तोंडच उघडत नाहीत." मग ठरलं, घरातले शब्द आजीच्या आवाजात मोबाइलवर टिपून आणायचे. मग्गम म्हणजे माग. बिय्यम म्हणजे तांदूळ. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी पोरगी वर्गाला उच्चार दुरुस्त करून सांगायला लागली! मराठी अर्थ बाईंनी स्वतः टाइप केले, एका बोटाने. मी शेजारच्या बाकावर हात मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या हातातला माऊस घ्यायचा नाही, हे मला फार जड गेलं.

तुमच्यापैकी कुणी हे काम केलंय? कुणी तुम्हाला शिकवलंय? लिहा.

उजनीकाठ
मी शिकणाऱ्यांतला. आमच्याकडे आलेल्या सरांनी सगळं स्वतःच केलं. पोरांचा चलच्चित्रपट दीड तासात तयार, फोटो काढला, गेले. दुसऱ्या दिवशी पोरं म्हणाली, सर, आज आपण दुसरा करू. मला सुरुवात कुठून करायची तेच येईना. पोरांचे चेहरे बघवले नाहीत. त्यामुळे ताई, तुमचं ते मांडीवरच्या हातांचं वाचून बरं वाटलं.

माढेकर
क्यूआर कोडचं निघालंच आहे तर, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या डिसले गुरुजींच्या शाळेचं गाव, परितेवाडी, आमच्याच तालुक्यात. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली, तेव्हा आमच्या केंद्रातले सगळे शिक्षक पेढे खात होते. आता सविस्तर लिहीत नाही, एसटी आली.

पुठ्ठा_आणि_सुई
मी शिक्षक नाही. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. सातवीत असताना बाहेरून एक सर आमच्या बाईंना घेऊन संगणकाचा तास घ्यायचे. शून्य-एक, शून्य-एक. कुणालाच कळेना, बाईंनाही नाही. मी बोलून गेलो, आमच्या मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांना असतात तशी भोकं का सर? सर थांबले. बाईंना म्हणाले, पुढचा तास याच्या वडिलांचा.

अण्णा रात्रपाळी करून तसेच आले, पुठ्ठ्यांची माळ खांद्यावर. भोक असलं तर सुई आत जाते, दोरा वर उचलतो. नसलं तर दोरा खालीच. एवढंच सांगितलं, निम्मं तेलुगूत. मग बाईंनी चौकटीच्या कागदावर प्रत्येकाकडून एक फूल काढून घेतलं, भरलेलं घर एक, रिकामं शून्य. तेच पुढे संगणकावर. फार नंतर वाचलं की जकार्ड ज्यांच्या नावाने ओळखतात त्या फ्रान्सच्या जकार यांचा माग १८०४ चा आणि संगणकाचे जनक मानले जाणारे बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हेच छिद्रांचे पुठ्ठे योजले होते. अण्णांना सांगायचं राहून गेलं.

कडकभाकरी
😢 अण्णांना नमस्कार.

सातरस्ता
माझ्याकडे सहावीचा वर्ग, विषय नळाचं पाणी. दुसरा कुठला असणार सोलापुरात! कुठल्या गल्लीत कधी आलं, किती वेळ टिकलं, मुलांनी पंधरा दिवस लिहिलं. मला तक्त्यावरून आलेख काढायची धास्ती होती. मार्गदर्शक ताई म्हणाल्या, आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढा, संगणक पळून जात नाही. ते जमल्यावर तेच आकडे संगणकात भरायला दहा मिनिटं लागली. खरी गंमत पुढेच. एका मुलाने सोमवारी आलेलं पाणी रविवारचं म्हणून लिहिलेलं, कारण पहाटे तीनला आलं आणि त्याच्या मते झोपून उठल्याशिवाय तारीख बदलत नाही. दोन दिवस वर्ग भांडला. शेवटी ठरलं, तारखेसोबत वेळही लिहायची. असा नियम मी सांगून त्यांच्या डोक्यात बसला नसता.

कडकभाकरी
पहाटे तीनला मोटार लावायला उठणारी मीच. त्या पोराला माझा पाठिंबा.

नान्नजमाळ
आम्ही माळावर पक्ष्यांचे फोटो घेऊन नकाशावर ठिपके दिले. माळढोक दिसला नाही. टिटवी आणि चंडोल भरपूर. एक पोरगं विचारतं, सर, न दिसलेल्याचा ठिपका कुठं द्यायचा? मला उत्तर देता आलं नाही. मग ज्या दिवशी गेलो पण दिसला नाही, त्या दिवसाची वेगळी नोंद ठेवायला लागलो.

उजनीकाठ
@सातरस्ता, पेन्सिलीचं सोमवारीच करतो. लाईट नसली तरी चालेल, हे मोठंच.

पुठ्ठा_आणि_सुई
@झालरवालं_कव्हर ताई, त्या आज्यांचे आवाज आहेत का अजून?

झालरवालं_कव्हर
मेमरी कार्ड आहे. हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलंय. लावायला आता काही नाही माझ्याकडे.

पुठ्ठा_आणि_सुई
कार्ड रीडर नवी पेठेत मिळेल. उद्या तिकडेच आहे मी. घेऊन येऊ का? मला मग्गम ऐकायचंय.

झालरवालं_कव्हर
ये की. चारनंतर ये, नातू शाळेतून आलेला असेल, तो लावून देईल. जेवूनच जा.