मदत हवी आहे: योरुबा लग्नाचं बोलावणं आहे, पाच वार लेस हातात आहे, आता शिवू काय आणि डोक्याला बांधू कशी?

ईस्टलंडनवाली
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. कामावरच्या एका सिनियर आंटींच्या मुलीचं लग्न आहे, मूळचे नायजेरियातल्या लेगोसचे, योरुबा समाजाचे, पण आता दोन पिढ्या लंडनलाच. चर्चमधलं लग्न वेगळ्या दिवशी, आम्हाला बोलावलंय ते ट्रॅडिशनल एंगेजमेंटला. आंटींनी प्रेमाने विचारलं की तू आशो एबी घेशील ना, मी हो म्हणून मोकळी झाले, आणि आता घरात एक पिशवी येऊन पडलीये, त्यात पाच वार शॅम्पेन रंगाची लेस, वर खडे, आणि डोक्याला बांधायचं मोरपिशी आशो ओके नावाचं कापड. नवऱ्याला त्याच रंगाची टोपी, फिला म्हणतात तिला. (आशो एबी म्हणजे घरच्यांनी ठरवलेलं एकच कापड, नातेवाईक आणि जवळचे लोक ते विकत घेतात आणि आपापल्या शिंप्याकडे टाकतात.)

तर सासूबाईंचा फोनवरून आग्रह की पाच वार आहे तर सरळ साडी नेस, नवरा म्हणतो गाऊन शिव म्हणजे नंतर वापरता येईल, आणि मला वाटतंय की त्यांच्यासारखंच घालावं पण मग आपण नाटकातल्यासारखे दिसू का ही भीती. डोक्यावरचं ते 'गेले' (हो उच्चार तोच आहे, हसू नका) मी यूट्यूब बघून बांधायला गेले तर पगडी कमी आणि बँडेज जास्त वाटत होतं. कोणी गेलंय का अशा लग्नाला?

रायलेनकर
लंडनच्या पेकहॅममध्ये बरीच वर्षं राहिलोय, शेजारी सगळे नायजेरियन, त्यामुळे अशी बरीच लग्नं जेवलोय. पहिली गोष्ट, आशो एबी विचारलं म्हणजे तुम्हाला घरचं मानलं, तेव्हा नाटकातल्यासारखे वगैरे डोक्यातून काढा, उलट घेऊन घातलं नाही तर आंटींना लागेल. दुसरी गोष्ट, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या हे त्या रंगावरूनच ठरलेलं असतं. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे, कधी मैत्रिणींचा तिसरा, त्यामुळे आपल्या मनाने दुसऱ्या रंगाचं काही चढवू नका. हॉलमध्ये गेलात की आपल्या रंगाचा घोळका शोधायचा आणि तिथे जाऊन बसायचं, इतकं सोपं आहे.

साडीचं म्हणाल तर नको. पाच वार म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, साडीला साडेपाच लागतं, निऱ्या तरी येतील नाहीतर पदर तरी. शिवाय खड्यांची लेस निऱ्यांना जाड होते आणि बसलं की टोचते.

ईस्टलंडनवाली
@रायलेनकर धन्यवाद हो दादा, सासूबाईंना साडेपाच मीटरचा मुद्दा लगेच पटला, बाकीचं कशानेच पटलं नसतं. मग इरो-बुबाच (त्यांचं गुंडाळायचं वस्त्र आणि सैल ब्लाऊज) शिवू ना?

हिशेबी
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. लेस, टोपी, शिलाई, वर आहेर, म्हणजे दोनशे पौंडाच्या घरात गेलात की तुम्ही एका दुपारसाठी. लग्न त्यांचं आणि कापडाचे पैसे पाहुण्यांनी का द्यायचे? यजमान त्यात नफाही काढतात म्हणे.

रायलेनकर
@हिशेबी ही तक्रार खुद्द नायजेरियात पण भरपूर चालते, तुम्ही पहिले नाही. काही घरं मूळ भावापेक्षा चढ लावतात हे खरं, आणि एकामागून एक लग्नं आली की लोक कर्ज काढून कापड घेतात हेही खरं. पण नाही म्हणायची सोय असते, ज्यांना झेपत नाही ते नुसतं 'गेले' किंवा फिला घेतात आणि कपडे स्वतःचे घालतात. यांनी हो म्हटलंय, पैसे दिलेत, आता त्यावर काथ्याकूट कशाला.

ताणाबाणा
धागा कापडाचा आहे म्हणून राहवलं नाही. ईस्टलंडनवाली ताई, ते मोरपिशी आशो ओके नीट उलटंपालटं करून बघा. हातमागाचं असेल तर चार-पाच इंचांच्या अरुंद पट्ट्या कडेला कड लावून शिवलेल्या दिसतील. ओयो राज्यातलं इसेयिन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध, तिथे पुरुष विणकर अरुंद मागावर बसतात आणि ताणा समोर लांबवर पसरलेला असतो, टोकाला दगडाचं वजन, जसजसं कापड विणलं जातं तसतसा तो दगड विणकराकडे सरकत येतो. जुन्या पद्धतीत तीन मानाचे प्रकार, जंगली रेशमाचं बदामी सान्यान, लालसर अलारी आणि निळीत बुडवलेलं गडद एतु. तुमच्यासारखे मोरपिशी, गुलाबी वगैरे रंग आणि जरीसारखी चमक म्हणजे रेयॉन आणि लुरेक्सची कृपा, पण म्हणून ते खोटं नाही, आजच्या लग्नात हेच चालतं.

आणि गंमत म्हणजे ज्या लेसला सगळे नायजेरियन लेस म्हणतात ती कितीतरी वेळा ऑस्ट्रियाच्या लुस्टेनाऊ गावात मशीनवर भरलेली असते, १९६० च्या दशकापासून हा व्यापार चाललाय. अंकारा म्हणून जे छापील कापड मिळतं त्यातलं नावाजलेलं व्लिस्को हॉलंडचं, १८४६ पासूनचं. आपल्याकडचंही जातं बरं का, मद्रासचं चौकटीचं कापड आणि भरतकामवालं 'जॉर्ज', पण तो मान मुख्यतः इग्बो आणि नायजर डेल्टाकडच्या लग्नांत. तुम्ही भारतीय म्हणून कौतुकाने जॉर्ज नेसून जाऊ नका, योरुबा घरात आहात.

ईस्टलंडनवाली
@ताणाबाणा पट्ट्या आहेत!! आत्ता उलटं करून बघितलं. मी ते इस्त्री करून सपाट करणार होते.

ताणाबाणा
अहो इस्त्री नको, ताठपणावरच तर गेले उभं राहतं.

ह्यूस्टनचा_काका
इकडे ह्यूस्टनला पण हेच सगळं, नायजेरियन वस्ती मोठी. इथला 'सेगुन गेले' या नावाचा एक माणूस नुसतं 'गेले' बांधण्यावर जगभर नावारूपाला आलाय. तात्पर्य, स्वतः शिकायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे लग्नात फेटेवाला येतो तशी तिकडे गेले बांधणारी बाई येते, सकाळी आंटींच्या घरी रांग लागलेली असते, त्या रांगेत बसा. आणि रांग टाळायची असेल तर ऑटो-गेले मिळतं, आधीच चुण्या घालून शिवलेलं, मागे नुसतं आवळायचं. तुमचं कापड शिवणाऱ्या बाईला दिलं तर ती त्याचंच करून देईल, फक्त मग ते कायमचं तसंच राहतं, पुन्हा सपाट कापड म्हणून वापरता येत नाही.

मिस्टरांना आग्बादा, म्हणजे पुरुषांचा घोळदार झगा, शिवायची हौस आली असेल तर आताच थांबवा, पूर्ण सेटला आठ-दहा वार कापड जातं आणि बाह्या सतत खांद्यावर उचलून टाकाव्या लागतात, सवय नसेल तर जेवणात बुडतात. साधा झब्बा-पायजमा आणि वर फिला, मस्त दिसतं.

लेकुरवाळी
मी मागच्या वर्षी गेले होते अशाच लग्नाला, बर्मिंगहॅमला. बुबा म्हणजे सैल ब्लाऊज, त्याला अस्तर लावायला सांग नाहीतर लेसमधून सगळं दिसतं, हाताला अस्तर नको. इरो म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं, नाचताना सुटतं गं, शिंप्याकडून कमरेला पट्टा आणि हुक लावून घे. सगळे जण इरो-बुबा घालतात असंही नाही हं, तरुण मुलींनी त्याच लेसचे कॉर्सेटवाले गाऊन शिवलेले होते, तेव्हा नवऱ्याची आयडिया पण चालेल. उरलेल्या लेसचा खांद्यावरचा इपेले (उपरण्यासारखा) नको करूस, तो आशो ओकेचाच छान दिसतो.

आणि पोटभर खाऊन जा, पत्रिकेतल्या वेळेला फक्त आम्ही आणि डीजे होतो. नवरामुलगा मित्रांना घेऊन सासरच्यांसमोर जमिनीवर पालथा पडून नमस्कार करतो, अलागा, म्हणजे समारंभ चालवणाऱ्या बायका, त्यांना पुन्हा पुन्हा करायला लावतात, ते अजिबात चुकवू नकोस.

ईस्टलंडनवाली
सगळ्यांना खूप खूप थँक्स. ठरलं, बुबा अस्तरवालं, इरोला हुक, गेले आंटींकडच्या बाईकडून. शेवटचं विचारते, नोटा उडवतात म्हणे, त्याचं काय?

रायलेनकर
उडवत नाहीत, नाचणाऱ्या जोडप्याच्या कपाळाला, खांद्याला एकेक नोट लावायची. नायजेरियात कायद्याने बंदी आहे, २००७ चा सेंट्रल बँकेचा कायदा, पण इथे सर्रास चालतं. एक पौंडाची नोट १९८८ मध्येच बंद झाली त्यामुळे लोक एक-एक डॉलरचं बंडल बदलून आणतात, तुम्हीही वीस-तीस आणा. पर्स लांब पट्ट्याची घ्या, हात मोकळे लागतात. आणि शिवायला याच आठवड्यात टाका, लग्नाच्या सीझनला इथले नायजेरियन शिंपी तारीख देतात एक आणि कपडे देतात भलत्याच दिवशी.