बी.एड. की डी.एल.एड.? आणि कोल्हापुरात कॉलेज काय बघून निवडायचं?

भुदरगडकर_ताई:
बहिणीचं बी.एस्सी. गणितात झालंय, ५८ टक्के. झेडपीच्या शाळेत शिकवायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात, बी.एड. केलं की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं चालतं. गारगोटीच्या बाजूनं कोल्हापूरला रोज ये-जा करावी लागेल. एका ठिकाणी तर 'हजेरीचं आम्ही बघतो' म्हणून सांगितलंय. काय करावं?

खडूफळा:
घरच्यांची माहिती जुनी झाली. ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. तिथं डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड., आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १ लागतो. सहावी ते आठवीला बी.एड. आणि पेपर २. म्हणून आधी वर्ग ठरवा, मग कॉलेज. गणिताची पदवी हातात असताना मी तरी बी.एड.च म्हणेन, कारण सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाच्या जागा वेगळ्या असतात.

टीईटी आणि टेट यांत पोरं हमखास गोंधळतात. टीईटी ही पात्रता. टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न, १२० मिनिटं. पवित्र पोर्टलवरची (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) गुणवत्ता यादी तिच्या गुणांवर लागते.

सराव_पाठ:
'हजेरीचं बघतो' म्हणणाऱ्यांच्या दारातून तसंच मागं फिरा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) नियमात तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या सरावाला, ९० टक्के हजेरी आहे. आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवडे. पाठच घेतले नाहीत तर पदवी मिळेल, पण सातवीच्या वर्गात समीकरण सोडवताना हात थरथरेल.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठाचा सराव, कसं चालतं ते विचारा. पूर्ण चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुन्हा टाचण (पाठाची लेखी तयारी), ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. बऱ्याच ठिकाणी पहिला पाठ झाला की सही, पुढचं गुंडाळतात. खरं शिकणं मात्र दुसऱ्या पाठातच होतं. गणिताच्या अध्यापन पद्धतीला स्वतःचा प्राध्यापक आहे का, तेही बघा. एका तुकडीला (५० जागा, दोन वर्षांचे मिळून १००) ८ पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. भिंतीवर यादी असते, माणसं असतात का ते पाहा.

आणि आंतरवासितेच्या शाळा गारगोटीकडच्या मिळतात का, हे आधीच विचारून घ्या. रोज शंभर किलोमीटर एसटीत घालवून रात्री टाचण लिहिणं अवघड.

सीईटी_वाला:
बी.एड.चा प्रवेश सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या) होतो. सीईटीत १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही: बौद्धिक ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. खुल्या गटाला पदवीला ५० टक्के लागतात, ५८ आहेत म्हणजे अडचण नाही. पोरं अडकतात ती कागदात. आरक्षणातून अर्ज असेल तर जातवैधता आणि ओबीसीसारख्या गटांना नॉन-क्रीमी लेयर वेळेत हवं; मुदत चुकली की अर्ज खुल्या गटात जातो.

पसंतीक्रमात महाराणी ताराबाई शासकीय अध्यापक महाविद्यालय वर ठेवा, सरकारी असल्यानं फी कमी. विनाअनुदानित घेणार असाल तर शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेला आकडा आधी बघा. वर 'इतर' म्हणून काही मागितलं तर पावती मागायची.

भुदरगडकर_ताई:
शाळांची यादी विचारायला सोमवारी जातेय.